आधी किक निवडू, मग बघू

इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा माणूस नवं गाणं सुरू करतो, म्हणजे आधी टेबल पुसतो. मग सगळ्या वायरी सोडवतो आणि होत्या त्याच भोकांत पुन्हा खोचतो. मग सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलंय का ते बघतो. आलेलं असतंच. ते उतरेपर्यंत चहा. चहा संपेपर्यंत 'दहा मिनिटांत गाणं कसं बनवावं' हा पाऊण तासाचा व्हिडिओ. एवढं होईतो जेवणाची वेळ होते, आणि दुपारच्या जेवणानंतर कोणाला काही नवीन सुचल्याचं कोकणात तरी अजून ऐकिवात नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा भाचा डोंबिवलीहून वालावलला, म्हणजे त्याच्या आजोळी, येऊन राहिला आहे. नोकरी घरबसल्याची. सकाळच्या मीटिंगमध्ये 'येस, ऑडिबल' एवढं म्हटलं की ऑफिस त्याला दुपारपर्यंत हाक मारत नाही. उरलेला वेळ तो गाणी बनवतो. बनवतो म्हणजे सुरू करतो. "मुंबईत फार आवाज आहे मामा, क्रिएटिव्ह कामाला शांतता लागते," हे त्याचं इथे येण्याचं कारण. वालावल शांत आहे हे खरंच. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून तळं, तळ्यामागे झाडीने भरलेला डोंगर, खाली कर्लीची खाडी. पर्यटक येतात, तळ्याचा फोटो काढतात, "किती शांत आहे ना!" असं एकमेकांना ओरडून सांगतात आणि गाडीचं दार आपटून जातात. भाच्याचा पहिला दिवस त्याच आनंदात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याला शेजारचा कोंबडा, मागचा पंप आणि पडणारी झावळं ऐकू यायला लागली. तिसऱ्या दिवशी त्याने आजीच्या सगळ्या वाकळी खोलीच्या भिंतींवर ठोकल्या. त्याला अकूस्टिक ट्रीटमेंट म्हणतात. थंडीचे दिवस. घरातली माणसं चादरीत कुडकुडत होती आणि भिंती ऊब घेत होत्या.

मग किक निवडणं सुरू झालं. किक म्हणजे वरातीत आपल्या छातीत बसतो तो 'धप'. रोलँड या जपानी कंपनीने 1980 मध्ये टीआर-808 नावाचं तालयंत्र काढलं आणि 1983 मध्ये टीआर-909. 808चा आवाज खऱ्या ड्रमसारखा येत नाही म्हणून वादकांनी नाक मुरडलं, यंत्र थोड्याच वर्षांत बंद झालं, आणि मग त्याच खोट्या आवाजावर जगातलं अर्धं नाचगाणं उभं राहिलं. आज ती यंत्रं जवळ असण्याची गरज नाही. त्यांचा एकेक ठोका फाइल होऊन मिळतो. त्या ठोक्यांची मुलं, नातवंडं, पतवंडंही मिळतात. भाच्याच्या हार्ड डिस्कवर या कुळातल्या काही हजार किक आहेत, आणि नवं गाणं सुरू करायचं तर त्यांतली प्रत्येक ऐकावी लागते, कारण न ऐकलेलीच चांगली निघाली तर?

"मामा, ही ऐक." धप. "आता ही." धप. "फरक कळला?"

"दुसरी जरा..." मी अंदाजपंचे म्हणालो.

"करेक्ट! दुसरीत लो-मिडला चिखल आहे."

मला धप आणि धप एवढंच ऐकू आलं होतं, पण मामाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. तेवढ्यात रांधपाच्या खोलीतून आईचा आवाज आला, "रे, त्या मागल्या दाराक आडणो घाल. वाऱ्यान आपटता."

"आजी, ती किक आहे."

"काय आसा ता आसूंदे. आडणो घाल."

अखेर एकही किक मनासारखी नसल्यामुळे तीन किक एकावर एक चढवून चौथी तयार झाली. एक पोटासाठी, एक टोकासाठी आणि एक नुसती शेपटीसाठी. तिचं नाव 'किक फायनल'. दुसऱ्या दिवशी 'किक फायनल 2'. त्यानंतर 'किक फायनल खरी'. दरम्यान गाण्याला रंग दिले गेले. म्हणजे पडद्यावर ज्या पट्ट्या असतात, त्यांतली तालाची लाल, बेसची निळी, आवाजाची पिवळी. बेस अजून नव्हता, आवाजही नव्हता, पण पट्ट्या होत्या. गाण्याला नावही मिळालं, नावावरून मुखपृष्ठाचं चित्र झालं. चित्रात आमचंच तळं होतं, जांभळ्या पाण्याचं.

या क्षेत्रात सर्वांत जास्त निर्मिती होते ती आठ बारांची. एका बारात चार ठोके, म्हणजे आठ बारांत बत्तीस. मिनिटाला 128 ठोके ही हाउस संगीताची आवडती गती धरली, तर हिशेब बरोब्बर पंधरा सेकंदांचा येतो. ही पंधरा सेकंदं संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजतात. पुन्हा संपतात. पुन्हा वाजतात. त्यांच्यापुढे काय हे सुचेपर्यंत वाजतच राहतात, आणि सतत ऐकल्यामुळे ती इतकी पूर्ण वाटू लागतात की पुढे काही सुचणं बंदच होतं. प्रोड्यूसर मंडळी याला 'लूपमध्ये अडकणं' म्हणतात. अडकतो तो एकटा नसतो, अख्खं घर अडकतं. मी त्या तालावर दाढी करायला लागलो. देवघरात आईची घंटा आपोआप चौथ्या ठोक्याला पडू लागली. तिसऱ्या रात्री तिने देवापुढे उभं राहून खणखणीत गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा लक्ष्मीनारायणा म्हाराजा! ह्या माझ्या नातवाचा जा काय गाणा एका जाग्यार रुतान बसला आसा, तेका खंयच्या वाटेची आडवण आसात, खंयची नड आसात, ती दूर करून ता जरा पुढे सरकू दे रे म्हाराजा!" गडग्यापलीकडच्या अंधारातून शेजाऱ्याचं "व्हय म्हाराजा!" आलं. त्यालाही झोप नव्हती.

सगळेच किकपासून सुरू करतात असं नाही म्हणे. कोणी आधी पेटीवर दोन-चार सूर धरतो आणि ते उदास आहेत की नाही एवढं तपासतो. कोणी दुसऱ्याचं गाजलेलं गाणं खाली अंथरतो, त्याच्या मापाने स्वतःचं बेततो आणि शेवटी खालचं ओढून घेतो. याला 'रेफरन्स ट्रॅक' म्हणतात हे कळल्यावर मला हसू आलं. आमच्या जिल्ह्यात डबलबारीचे बुवा हेच करत आलेत. तुकोबांचा अभंग, चाल नुकत्याच आलेल्या सिनेमाची, आणि समोरच्या बुवाने ओळखली तर वर त्यालाच टोमणा. त्याला कोणी वर्कफ्लो म्हटलं नाही, एवढंच.

आणि कोणी आजूबाजूचे आवाज गोळा करून सुरुवात करतो. भाच्याने एका सकाळी आईला आडाळ्यावर खोबरं खवताना ऐकलं आणि तो "शेकर! शेकर!" करत धावला. आई आडाळ्याच्या पाटावर एक गुडघा उभा करून बसलेली. नारळाची कवड हाताच्या तळव्यात, मनगट वळतंय, खर्र, खर्र, खर्र, आणि कडेचं खोबरं निघालं की कवड पात्यावर टक्क करून आपटायची. खरंच झकास लय होती. भाच्याने केसाळ टोपी घातलेला माइक तिच्या गुडघ्याशी नेला.

"ह्या मांजर खंयसून हाडलंस?"

"आजी, माइक आहे. बोलू नको. नेहमीसारखं खव."

नेहमीसारखं खव म्हटल्यावर कोणाला नेहमीसारखं खवता येतं? आईने आधी पदर सारखा केला. मग केस. मग एखाद्या पाहुण्याला वाढावं तशा अदबीने एकेक खर्र काढू लागली. रेकॉर्डिंग झालं. भाच्याने ते दुपारभर धुतलं, कापलं, ताणलं, आणि संध्याकाळी जाहीर केलं की हे जरा जास्तच नारळासारखं वाटतंय. त्याजागी त्याने विकत घेतलेल्या 'ऑरगॅनिक ट्रॉपिकल' नावाच्या फोल्डरमधला एक आवाज घातला. तो कोणी कुठल्या देशात काय खरवडून काढला होता देव जाणे, पण पात्यावरची ती टक्क त्यात नव्हती.

निवडायला एवढं काही नसताना काय होतं, या हिशेबात चरणजीत सिंग यांचं नाव घ्यावं लागतं. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा हा वादक. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. हाताशी होती तीन यंत्रं : 808, ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर आणि टीबी-303 नावाची एक चंदेरी डबी. ही डबी रोलँडने 1981 मध्ये गिटारवाल्यांना सरावाला बेसवादक मिळावा म्हणून काढली. तिच्यातून खऱ्या बेससारखं काहीच निघेना, ती खपेना, 1984 मध्ये तिचं उत्पादन बंद पडलं. पुढे शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारात स्वस्तात घेतली, तिच्या खुंट्या पिळून पिळून एक चिरका, वळवळता आवाज काढला, आणि 1987 मध्ये त्याची रेकॉर्ड आली तेव्हा ॲसिड हाउस म्हणून जगभर गाजावाजा झाला. त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत त्याच डबीवर भैरव वळवळून गेला होता. कोणी ढुंकून बघितलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले. चरणजीत सिंग 2015 मध्ये गेले.

मी भाच्याला विचारलं, त्यांनी किक कशी निवडली असेल?

"808ला किक एकच असते, मामा. ट्यूनचं बटणसुद्धा नाही."

"म्हणून दहा राग पुरे झाले."

तो दुखावला. पण माझं मत मी बदललेलं नाही.

जत्रांचा मोसम होता, म्हणून त्याला दशावताराला घेऊन गेलो. दशावतार कोकणात आणल्याचं श्रेय परंपरेने श्यामजी नाईक काळे यांना, 1728 सालापासून, देतात. तेव्हापासून सुरुवातीची पद्धत फारशी बदललेली नाही. भाच्याला मी आधी पडद्यामागे नेलं. बल्बच्या पिवळ्या उजेडात एक गडी मांडी घालून, हातातल्या आरशात बघत स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत होता. अर्धा चेहरा द्रौपदीचा झाला होता, उरलेल्या अर्ध्यावर दाढीचे खुंट होते, आणि त्या अर्ध्या बाजूने तो विडी ओढत होता. आज आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरलेलं. लिहिलेली संहिता नाही. कोणी काय बोलायचं ते रंगमंचावर समोरचा काय बोलतो त्यावर.

"म्हणजे रिहर्सल?" भाच्याने विचारलं.

द्रौपदीने विडी खाली घेतली. "ती गावच्या नाटकाक लागता."

हे मात्र खरं. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, ते कशाच्या जोरावर? गावच्या हौशी मंडळींचं नाटक नीट सुरूच होत नाही, एवढ्याच कथानकावर. भाच्याच्या खोलीत त्याचा प्रयोग रोज लागतो, नेपथ्याला वाकळी.

तर दशावतार सुरू झाला. पायपेटीवाल्याने भाता दाबला, मृदंगावर थाप पडली, झांजेने धरलं. गणपती आला, सरस्वती आली, काळाकुट्ट संकासूर येऊन मालवणीत लोकांची खिल्ली उडवून, वेद पळवून मेला, तेव्हा कुठे आडदशावतार आटोपून मूळ आख्यानाकडे गाडी वळली. "मामा, यांचा इंट्रो तासाभराचा आहे," भाचा थक्क होऊन म्हणाला. मला थक्क व्हायला कारण वेगळं होतं. पेटी एक, मृदंग एक, झांज एक. या त्रिकुटावर युद्ध, विलाप, वनवास, स्वयंवर, सगळं पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत निभतं. दुसरा मृदंग आणलेलाच नाही, तर कुठला वाजवू हा प्रश्न कोण विचारणार? पहिली थाप मारण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि बहुतेक कला या गत्यंतर नसण्यातूनच निघालेली आहे असं मला त्या रात्री दोन वाजता, कांदाभजी खाताना, अगदी पटलं.

सकाळी मृदंगवाला वाद्य गवसणीत घालत होता. भाचा त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि लो-मिडचा चिखल कसा काढता असं विचारता झाला. त्या भल्या माणसाने थोडा विचार केला.

"चिखल म्हणजे आवाज बसको येता तसो?"

"हो, तसंच."

"कणीक लावची." त्याने मृदंगाची डावी बाजू दाखवली. तिथे वाळलेल्या कणकेचं वर्तुळ होतं. "जड होयो तर जास्त लावची, हलको होयो तर खरवडून काढची. तुझ्या मशिनीक लागता काय कणीक?"

भाच्याने ते वहीत लिहून घेतलं. आठवड्याने मला पडद्यावर 'कणीक' नावाची तपकिरी पट्टी दिसली. तिच्यात काही नव्हतं.

पुढचा अध्याय शब्दांचा. 2024 मध्ये श्रेयस आणि क्रेटेक्स यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि मराठी बोलीवर हाउस संगीत नाचू शकतं याचा साक्षात्कार महाराष्ट्रातल्या तमाम भाच्यांना एकाच वेळी झाला. त्यानंतर घरोघर अशा शब्दांचा शोध लागला, जे ठोक्यावर बसतील आणि ज्यांचा अर्थ कोणी फार विचारणार नाही. आमच्याकडे पंचांग, जुन्या लग्नपत्रिका, खताच्या पिशव्या, सगळं ठोक्यावर म्हणून झालं. मग भाच्याच्या लक्षात आलं की खरी खाण घरातच आहे. आई कोंबड्यांना ज्या शिव्या देते त्यांना लय आहे, अनुप्रास आहे, आणि कोंबडीच्या सात पिढ्यांचा इतिहास आहे. तो माइक घेऊन परसात दबा धरून बसला. कोंबडी वाळत घातलेल्या भातावर आली. आईने कोंबडीकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाय माझे, जरा बाजूक व्हतलंस काय?"

गाणं बिनशब्दांचं राहिलं.

कोंडी फुटली ती मळ्यामुळे. भात कापून झालं की आमच्याकडे मळ्यात क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. मंडप, कमेंटेटर, भोंगे आणि पेटत्या उन्हात टेनिसचा चेंडू. एका संध्याकाळी कमिटीची दोन पोरं मोटरसायकलवरून आली.

"तुमच्याकडे गाण्याचो मानूस इलोहा म्हणान आयकला. तीन तुकडे होये. सिक्साक एक, फोराक एक आणि औट झालो काय एक."

"लेन्थ किती?" भाचा सावरून बसला.

"पंधरा सेकंद. जास्त नुको, पुढचो बॉल पडता."

मी भाच्याकडे पाहिलं. त्याच्या हार्ड डिस्कवर पंधरा सेकंदांच्या मालाचा जो साठा होता, त्यावर रणजीचा अख्खा मोसम निघाला असता. तरी त्याने धंद्याची रीत सोडली नाही.

"स्केल कुठलं ठेवू?"

"मोठ्या आवाजात ठेव."

"आणि हवंय कधी?"

"सकाळी नवाक टॉस."

आठ वाजता लाइट गेली. लॅपटॉपमध्ये तासाभराची बॅटरी. त्या तासाभरात त्याने एकही किक बदलली नाही. षटकाराला 'किक फायनल खरी' दिली. चौकाराला खताच्या पिशवीवरचा मजकूर. बाद झाल्यावर वाजवायला जोरकस असं काही सापडेना, म्हणून पूर्वी कधी तरी केलेली, 'उदास 7' नावाची एक लांबलचक हुंकारासारखी धून कापून दिली. पोरं पेनड्राइव्ह घेऊन गेली आणि तो जेवून झोपला. घरात इतकी शांतता पसरली की आई दोनदा उठून तो बरा आहे ना ते बघून आली.

दुसऱ्या दिवशी मीही मळ्यात गेलो. षटकाराचा धप भोंग्यांतून निघाला तेव्हा मंडपाचे बांबू हलले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. भाचा मात्र 'लो-एंड गेला, लो-एंड गेला' असं पुटपुटत होता. तिसऱ्या सामन्यात यष्टीमागे झेल घेतल्याचं जोरदार अपील झालं. पंच विचारात पडले. तेवढ्यात म्युझिकवाल्या पोराचं बोट चुकून तिसऱ्या बटणावर पडलं आणि चारी भोंग्यांतून 'उदास 7' सुरू झालं. फलंदाजाने आभाळाकडे पाहिलं, बॅट काखेत मारली आणि तो मान खाली घालून चालू लागला. तो सीमारेषेबाहेर पोचला तेव्हा पंचांनी नाबाद म्हणून मान हलवली. मग जे व्हायचं ते झालं. दोन्ही संघ खेळपट्टीवर, कमिटी मध्ये, आणि कमेंटेटर दोन्ही बाजूंनी.

भाचा त्या गर्दीतून वाट काढत फलंदाजापर्यंत पोचला आणि धून कशी वाटली म्हणून त्याने विचारलंच.

"मेल्या, बॅटीक लागलाच नाय हुता," तो म्हणाला, "पण इतक्या वायट वाजला, माका वाटला, आपण गेलंव."

अर्ध्या तासाने कमिटीचा निकाल भोंग्यावरून आला. पंचाचा बोट लांबसून दिसना नाय, गाणा सगळ्यांका आयकाक येता. म्हणान ह्याच्याफुडे गाणा वाजला म्हणजे औट.